वादळाला वाट कोण दाखवतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत पाककृती, आरोग्य, मुलांचे संगोपन किंवा संतवाङ्मय यांपैकी एखादा विषय असावा, असा आपला रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘वादळ’ असे सांगितले. त्या म्हणाल्या, “बाई, आनंदाच्या दिवशी वादळ कशाला?” मी त्यांना म्हटले, वादळ येते तेव्हा त्याविषयी बोलायला कोणालाच सवड नसते, म्हणून ते नसताना, चांगल्या दिवशी, चार घटका त्याचा विचार करून ठेवावा. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा सवयीने थोडा वर्ग घेतल्यासारखे होईल. ते आपण गोड मानून घ्यावे.

या विषयाला निमित्त झाले ते दोन प्रश्नांचे. आमच्या आळीतल्या एका वहिनींनी मला विचारले, “बाई, एवढा मोठा समुद्र, एवढा लांब किनारा, मग ‘निसर्ग’ वादळाला नेमका आपलाच रायगड जिल्हा कसा सापडला?” त्यावर शेजारीच बसलेल्या दुसऱ्या बाई म्हणाल्या, “ते जाऊ दे. पुढच्याच वर्षी तौक्ते येणार, तौक्ते येणार म्हणून आम्हाला घरातून काढून शाळेत नेऊन बसवलं. वारा-पाऊस झाला, पण वादळ गेलं निघून गुजरातेत. मग या हवामान खात्याचं ऐकायचं तरी किती?”

पहिला प्रश्न कुतूहलाचा आहे आणि दुसरा रागाचा. पण मौज अशी की, दोन्हींचे उत्तर एकच आहे. वादळ आपली वाट आपण ठरवत नाही. त्याच्या आजूबाजूला, कधी कधी हजार-दीड हजार किलोमीटरांवर, हवेच्या जास्त दाबाचे जे प्रदेश असतात, ते त्याला वाट दाखवतात. ते प्रदेश सरकले की वादळाची वाट बदलते. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात आली तर हवामान खात्याची सूचना कशी ऐकावी, हेही आपल्याला समजेल.

प्रथम दाब म्हणजे काय ते पाहू. आपल्या डोक्यावर हवेचा मोठा थर आहे. ही हवा दिसत नाही, पण तिला वजन आहे. समुद्रसपाटीला एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाची हवा उभी असते. हे वजन सगळीकडे सारखे नसते. जिथे हवा वर चढते तिथे दाब कमी होतो. तिथे ढग येतात, पाऊस येतो. जिथे हवा वरून खाली उतरते तिथे दाब वाढतो, आकाश निरभ्र राहते, ऊन पडते. वादळ हे कमी दाबाचे टोकाचे रूप. त्याचे आपल्याला भय वाटते म्हणून त्याला आपण नाव देतो, त्याची बातमी होते. जास्त दाबाच्या प्रदेशाला आपण नाव देत नाही. तो असला म्हणजे आपण पापड-कुरडया वाळत घालतो आणि विसरून जातो. पण वादळाच्या गोष्टीत हा निनावी, शांत दिसणारा सोबतीच खरा कर्ता असतो.

आता आपल्या वाडीतला पाट डोळ्यांसमोर आणा. विहिरीचे पाणी पाटात सोडले की ते दोन्हीकडच्या बांधांच्या मधून वाहत जाते. त्या पाण्यात एखादी भोवरी फिरत असते. ती स्वतःभोवती कितीही वेगाने गरगरत असो, जाते कुठे? पाणी नेईल तिकडे. पाण्याला वाट कोण देते? बांध. फावड्याने एका जागी बांध फोडला की पाणी तिकडे वळते, आणि भोवरीही निमूटपणे तिकडेच जाते. वादळाची स्थिती पुष्कळशी अशीच आहे. चक्रीवादळातला वारा ताशी शंभर, दीडशे, दोनशे किलोमीटर वेगाने फिरत असला, तरी अख्खे वादळ समुद्रावरून पुढे सरकते ते बहुधा ताशी दहा-वीस किलोमीटरच्या चालीने. सायकलवाल्याच्या वेगाने म्हणा ना! ती चाल त्याची स्वतःची फार थोडी. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वादळ आपल्या अंगचे थोडेसे वायव्येकडे झुकते, हे खरे. बाकी सारी चाल भोवतालच्या मोठ्या वायुप्रवाहाची, आणि त्या प्रवाहाचे बांध म्हणजे जास्त दाबाचे प्रदेश.

हे बांध जमिनीलगत पाहून कळत नाहीत. वादळ हा दहा-पंधरा किलोमीटर उंचीचा खांब असतो. त्याला ढकलणारा प्रवाहही तसाच खोल असतो. म्हणून हवामानशास्त्रज्ञ साधारण साडेपाच-सहा किलोमीटर उंचीवरचा नकाशा विशेष बारकाईने पाहतात. या उंचीपर्यंत एकंदर हवेपैकी निम्मी हवा खाली राहते. जिथे वरचा दाब जास्त, तिथे ही निम्म्या हवेची पातळी थोडी वर उचललेली असते. नकाशावर ती डोंगराच्या सोंडेसारखी लांबट पसरलेली दिसते. दोन सोंडांच्या मध्ये जसे खोरे असते, तसे दोन जास्त दाबांच्या मध्ये कमी दाबाचे खोरे असते. शाळेत मुले समोच्चरेषांचा नकाशा वाचतात, अगदी तसाच हा हवेचा नकाशा वाचायचा.

आता दिशा कशी ओळखायची? याला एक सोपी खूण आहे, आणि ती आपणा बायकांच्या नित्य परिचयाची आहे. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो ती देव उजव्या हाताला ठेवून. म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. आपल्या उत्तर गोलार्धात जास्त दाबाच्या प्रदेशाभोवती वारे असेच प्रदक्षिणेच्या दिशेने फिरतात. वादळातले वारे मात्र उलट फिरतात. तेव्हा जास्त दाबाच्या कडेला एखादे वादळ आले की तो वारा त्याला आपल्याबरोबर प्रदक्षिणेला घेऊन निघतो.

याचा हिशेब करून पाहा. समजा, वादळ अरबी समुद्रात आहे आणि जास्त दाबाची सोंड त्याच्या उत्तरेला आहे. त्या सोंडेच्या दक्षिण कडेने वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणार. वादळ निघाले ओमान-येमेनकडे. समजा, सोंड वादळाच्या पूर्वेला, म्हणजे आपल्या देशाच्या बाजूला आहे. तिच्या पश्चिम कडेने वारे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणार. वादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे चालले. आणि समजा, वादळ त्या सोंडेच्या वरच्या अंगाला पोहोचले, त्यात उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांचे एखादे खोरे खाली उतरले, तर प्रदक्षिणेचे वळण येते. वादळ उजवीकडे, म्हणजे ईशान्येला किंवा पूर्वेला वळते. आपल्या कोकणाच्या दृष्टीने हे वळण धोक्याचे.

म्हणूनच अरबी समुद्रातली वादळे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थेट क्वचित येतात. एक तर ती पश्चिमेला जातात, नाही तर उत्तरेला. आपल्याकडे यायला नेमक्या वेळी नेमक्या जागी उजवे वळण घ्यावे लागते. क्वचित येतात याचा अर्थ येत नाहीत असा मात्र नव्हे. १९४८ च्या नोव्हेंबरातले मुंबईचे वादळ जुनी माणसे सांगत असत. २००९ साली ११ नोव्हेंबरला ‘फयान’ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले. आणि २०२० साली ‘निसर्ग’ आले.

‘निसर्ग’ची वाट पाहिली म्हणजे वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ३१ मेच्या सुमारास अरबी समुद्राच्या आग्नेय व मध्य भागात कमी दाब तयार झाला. १ जूनला त्याची तीव्रता वाढली. आधी तो जवळजवळ सरळ उत्तरेकडे सरकत होता, कारण त्याच्या पूर्वेच्या अंगाला जास्त दाब होता. असेच चालले असते तर ते गुजरातकडे गेले असते. पण २ जूनला वळण आले. पूर्वेच्या आणि आग्नेयेच्या जास्त दाबाच्या कडेने ते ईशान्येकडे झुकले, आणि ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. त्या वेळी वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने वाहत होता. आपला जिल्हा त्याने शोधून काढला नव्हता. त्या दिवशीचा प्रवाह आपल्या दारावरून जात होता.

यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वादळ ज्या दिशेने चालले असेल, त्याच्या उजव्या अंगाला वारा अधिक जोराचा असतो, कारण तिथे वादळाचे फिरणे आणि वादळाचे चालणे या दोहोंचे वेग एकाच दिशेने जमतात. वादळ ईशान्येकडे निघाले होते, तेव्हा त्याचे उजवे अंग दक्षिणेला, म्हणजे मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन आणि खाली दापोलीच्या बाजूला आले. समुद्रावरचा वारा थेट तिथल्या वाड्यांत घुसला. मुंबई डाव्या अंगाला राहिली आणि त्या मानाने पुष्कळ वाचली. दुसऱ्या दिवशी “मोठा धोका टळला” अशा अर्थाच्या बातम्या आल्या, त्या मुंबईपुरत्या खऱ्या होत्या. श्रीवर्धनला काय झाले हे कळायला काही दिवस लागले, कारण तिथे वीज नव्हती, फोन नव्हते आणि रस्त्यांवर झाडे आडवी पडलेली होती.

श्रीवर्धन हे माझे माहेर. तिथली रोठा सुपारी आपण सर्वजणी जाणता. माझ्या भावाची वाडी काही मोठी नव्हती, पण वडिलांनी लावलेली होती. सुपारीचे झाड उंच आणि सडपातळ. वाऱ्यात एक पडले की शेजारच्याला घेऊन पडते. दीड-दोन तासांत वाडीत आकाश दिसू लागले, असे भाऊ म्हणाला. ज्या वाडीत भर दुपारी दिवेलागणीसारखी सावली असे, तिथे लख्ख आकाश! नवे रोप लावले तर पीक यायला पाच-सात वर्षे जातात. पन्नाशी-साठीच्या माणसाने ती वर्षे कुठून आणायची? हा हिशेब आपल्यापैकी अनेकींच्या घरांत झालेला आहे. मी नव्याने सांगायला नको.

पण त्याच दिवसाची दुसरी एक गोष्ट सांगते. भावाच्या शेजारी एक वृद्ध काकू एकट्या राहत. गावातली मुले त्यांना शाळेत न्यायला आली तेव्हा त्या हटून बसल्या. “फयानच्या वेळी मी इथंच होते, काही झालं नाही. आताच काय होतंय?” असे त्यांचे म्हणणे. मुलांनी ऐकले नाही. काकूंना खुर्चीसकट उचलून नेले. काकू वाटभर त्यांना बोल लावत होत्या. त्यानंतर थोड्याच वेळाने नारळाचे एक झाड त्यांच्या माजघरावर पडले. फयान आले तेव्हा काकूंच्या घराला काही झाले नाही हे खरेच होते. पण त्याचे कारण काकूंचे घर भक्कम होते हे नव्हते. ते वादळ आणखी उत्तरेला किनाऱ्यावर चढले होते, एवढेच कारण होते. मागच्या वेळची वाट ही या वेळची वाट नव्हे.

आता दुसऱ्या, रागाच्या प्रश्नाकडे वळते. ‘तौक्ते’च्या वेळी आपल्याला उगीच हलवले का?

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते लक्षद्वीपजवळ तयार झाले आणि केरळ, कर्नाटक, गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी असे करत किनाऱ्याला समांतर वर आले. पूर्वेकडच्या जास्त दाबाच्या पश्चिम कडेने ते चालले होते. १७ मेला ते मुंबईच्या पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवरून गेले आणि त्याच रात्री दीवजवळ गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. त्या वेळी वारा ताशी १६० ते १७० किलोमीटरचा होता. निसर्गपेक्षा कितीतरी जोराचा. आपला किनारा साधारण दक्षिणोत्तर, आणि वादळाची वाटही तशीच. दोन रेघा जवळजवळ समांतर असल्या की त्यांतली एक किंचित कलली तरी त्या कुठे मिळतील ते ठिकाण शेकडो किलोमीटरांनी बदलते. मुलीच्या परकराला सरळ शिवण घालताना सुरुवातीला सूतभर तिरके गेले की खाली बोटभर अंतर पडते, हे आपण सर्वजणी जाणतो. वादळ ३०० किलोमीटरवर असताना दहा अंशांनी वळले तर पोहोचण्याची जागा सुमारे पन्नास किलोमीटरने सरकते. पन्नास किलोमीटर म्हणजे अलिबाग ते मुरूड एवढे अंतर!

तेव्हा तौक्ते थोडे आधी उजवीकडे कलले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. ते आपल्याकडे आले नाही म्हणून सूचना खोटी ठरत नाही. मुंबईपासून दीडशे किलोमीटर दूर राहूनही त्याने शहरातली शेकडो झाडे पाडली, आणि भर समुद्रात ‘पी-३०५’ नावाचा तराफा बुडून पुष्कळ कामगारांचा जीव गेला. ते दूर होते असे म्हणायचे तरी कसे?

सूचना ऐनवेळी बदलली याचे आणखी ठळक उदाहरण २०१९ च्या जून महिन्यातल्या ‘वायू’ वादळाचे. ते १३ जूनला सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढणार असा अंदाज होता. सुमारे तीन लाख लोकांना हलवण्यात आले. आदल्या रात्री वादळ थोडेसे पश्चिमेला सरकले, किनारा डावलून समुद्रात गेले, तिथे रेंगाळले, मग उलट वळले आणि अगदी क्षीण होऊन कच्छकडे आले. कोणी म्हणाले, सोमनाथाने राखले. श्रद्धेच्या जागी श्रद्धा असू द्या. हवेच्या नकाशात दिसत होते ते असे की, वादळ दोन जास्त दाबांच्या मधल्या जागेत सापडले होते. एक सोंड त्याला उत्तरेकडे नेऊ पाहत होती, दुसरी पश्चिमेकडे. दोन बाजूंनी सारखीच ओढ असली की वादळ अडखळते, आणि अशा वेळी अंदाज करणे सर्वांत अवघड होते. पाटाच्या पाण्याला दोन वाटा सारख्याच मोकळ्या असल्या तर भोवरी कुठे जाईल हे आपण तरी सांगू शकू का? २०२३ च्या ‘बिपरजॉय’नेही असाच घोळ घातला. ते जून महिन्यात जवळजवळ तेरा दिवस जिवंत होते. कधी उत्तरेला, कधी वायव्येला जात राहिले आणि शेवटी १५ जूनला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ किनाऱ्यावर चढले.

हे सारे फक्त आपल्याच समुद्रात घडते असे नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले-सुना अमेरिकेत न्यू जर्सीला आहेत. २०१२ साली २९ ऑक्टोबरला ‘सँडी’ वादळ तिथे आले, तेव्हा इथे रात्रभर फोन लागत नव्हते म्हणून जागणाऱ्या आया या सभेतही बसल्या असतील. त्या किनाऱ्यावरची वादळे साधारणपणे उत्तरेकडे जाऊन मग उजवीकडे वळतात आणि अटलांटिक महासागरात निघून जातात. जी उजवी वळणे आपल्याला घातक, ती त्यांना तारक. पण त्या वेळी ग्रीनलँडच्या बाजूला जास्त दाबाचा मोठा प्रदेश ठाण मांडून बसला होता. समुद्रात निसटण्याची नेहमीची वाट त्याने अडवली. जमिनीच्या बाजूने कमी दाबाचे खोरे पुढे येत होते. तेव्हा वादळ डावीकडे वळले आणि अटलांटिक सिटीजवळ जवळजवळ काटकोनात किनाऱ्यावर आदळले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समुद्राचे पाणी शिरले. आणि याचे कारण ग्रीनलँडच्या अंगाला, दूर थंडीत! पण हे वळण सुमारे आठवडाभर आधी नकाशांवर दिसू लागले होते, हेही सांगितले पाहिजे. बांध कुठे आहे हे ओळखता आले की वादळाची वाट आधी सांगता येते.

बांध ओळखायचे तरी कसे? मुंबई, गोवा यांसारख्या ठिकाणांहून रोज पहाटे आणि संध्याकाळी, साडेपाचच्या सुमारास, मोठे फुगे आकाशात सोडतात. फुग्याला एक लहानशी पेटी बांधलेली असते. ती वर जाता जाता हवेचा दाब, उष्णता, ओलावा आणि वारा यांची खबर देत राहते. फुगा वर वर जातो तसतसा फुगत जातो आणि शेवटी फुटतो. जगभर शेकडो ठिकाणी हे फुगे जवळजवळ एकाच वेळी सोडले जातात. त्यांची खबर, उपग्रहांची छायाचित्रे, जहाजांनी व समुद्रातल्या तरंगत्या यंत्रांनी दिलेली माहिती, हे सारे मोठ्या संगणकांत घालून पुढच्या दिवसांचा नकाशा काढतात. जिथे समुद्र मोठा आणि फुगे थोडे, तिथे बांधाची कडा थोडी अंधुक राहते. म्हणून हवामान खाते वादळाची वाट एका रेघेने दाखवत नाही. ते सुपासारखा पसरत जाणारा आकार काढते. आजच्या दिवशी तो अरुंद, उद्या थोडा रुंद, परवा आणखी रुंद. वादळाचा मध्य या सुपात कुठेही असू शकतो, असा त्याचा अर्थ. मधली रेघ आपल्या गावावरून जात नाही म्हणून निर्धास्त होणाऱ्याने सूप पाहिलेच नाही असे म्हणावे लागेल. शिवाय तो आकार वादळाच्या मध्याचा. त्याचा वारा-पाऊस बाहेरही पुष्कळ लांब पोहोचतो.

सूचनांचेही टप्पे आहेत. साधारण ७२ तास आधी पहिली जाणीव देतात. ४८ तास आधी सावधगिरीची सूचना निघते, तिचा रंग पिवळा. २४ तास आधी इशारा, तो नारिंगी. सुमारे १२ तास आधी, वादळ किनारा ओलांडून आत कुठवर जाईल याची सूचना, ती लाल. माझे मत असे की, आपणा बायकांचे काम पिवळ्या रंगालाच सुरू व्हावे. पिण्याचे पाणी भरणे, औषधे आणि कागदपत्रे एका पिशवीत घालणे, कंदील-मेणबत्त्या काढणे, फोन भरून ठेवणे, गुरे मोकळी करण्याची तजवीज करणे ही कामे दिवसाउजेडी आणि वारा नसताना होतात. नारिंगी रंगाला माणसे हलवावीत. लाल रंगाची वाट पाहणारा माणूस वाऱ्यात सापडतो.

सूचना ऐकल्याने काय फरक पडतो हे ओडिशाने दाखवून दिले आहे. १९९९ साली २९ ऑक्टोबरला पारादीपजवळ महावादळ आले, त्यात सरकारी आकड्यांप्रमाणेही सुमारे दहा हजार माणसे मेली. त्याच ओडिशात २०१३ साली ‘फायलिन’ आणि २०१९ साली ‘फणी’ ही अतिशय जोराची वादळे आली. दोन्ही वेळा लाखो लोकांना आधी हलवले होते. घरे पडली, झाडे पडली, वीज गेली. पण मेलेल्यांचा आकडा हजारांत गेला नाही, शंभराच्या आत राहिला. वादळांचा स्वभाव बदलला नव्हता. त्यांच्या वाटेवरून माणसे वेळेवर बाजूला झाली होती.

हे शहाणपण आता आपल्याही किनाऱ्याला लागणार आहे. अरबी समुद्र पूर्वीपेक्षा तापला आहे, आणि त्यात उठणाऱ्या वादळांची संख्या व जोर वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अभ्यास करून सांगितले आहे. समुद्राची ऊब वादळाला बळ देते. त्याला वाट दाखवतो तो दाब. ऊब वाढली म्हणजे प्रत्येक वादळ आपल्याकडेच येईल असे नाही. पण ज्या दिवशी वाट आपल्या दारावरून जाईल, त्या दिवशी येणारा पाहुणा अधिक दांडगा असेल.

तेव्हा माझ्या त्या रागावलेल्या बाईंना, आणि त्यांच्यासारख्या सर्वांना, मी आदराने एवढेच म्हणेन. आकाश भरून आले म्हणून आपण छत्री घेऊन निघतो. पाऊस पडला नाही तर छत्री फेकून देतो का? “आज लागली नाही, बरे झाले” असे म्हणून ती खुंटीला अडकवतो. शाळेत काढलेली रात्र अवघड जाते हे मला ठाऊक आहे. लहान मुले रडतात, म्हाताऱ्यांना झोप नाही, घरची काळजी लागते. पण बांध कुठे फुटेल हे शेवटच्या घटकेपर्यंत बदलू शकते, म्हणून ती रात्र काढायची असते. वादळ आले नाही तर ती रात्र वाया गेली असे समजू नये. ज्या रात्री ते आले नाही त्या रात्रीचा कंटाळा, ही ज्या रात्री ते येईल त्या रात्रीच्या जिवाची किंमत आहे. आणि ती काही फार नाही.

शेवटी मंडळाला एक सूचना करते आणि आपली रजा घेते. आपल्या गावात एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाया, अंथरुणाला खिळलेली माणसे, गरोदर सुना, समुद्रावर गेलेल्या मच्छीमारांच्या घरच्या बायका यांची आळीवार यादी मंडळाने करून ठेवावी. प्रत्येक नावापुढे एका शेजारणीचे नाव असावे. पिवळी सूचना निघाली की त्या शेजारणीने त्या दारावर जायचे, आणि नारिंगी निघाली की तिला बरोबर घेऊनच निघायचे. ती नाही म्हणेल, मागच्या वेळी काही झाले नाही असे सांगेल. तेव्हा तिच्याजवळ बसून तिला समजावा की, वादळाला मागची वाट आठवत नसते. आणि तेवढ्याने तिचे मन वळले नाही, तर आपली मुले खुर्ची उचलायला समर्थ आहेत!

 मंडळाची अशीच उत्तरोत्तर भरभराट होवो, आणि ही यादी तयार असूनही तिची गरज कधी न पडो, एवढी इच्छा व्यक्त करून मी माझे भाषण संपवते.